हरकत असल्यास आत्ताच सांगावी

लग्नाची बोलणी करायला आलेल्या मुलाने सोबत स्वतःचा डबा आणावा, असा प्रसंग या घराण्यात आजवर कधी आला नव्हता. नुसता डबा नव्हे, पाण्याची बाटलीही होती आणि काखेत घडीचं स्टूल होतं. मुलगा दारातच थबकला. त्याच्या खांद्याआडून त्याची आई टाचा उंचावून टेबलावरच्या केककडे बघत होती.

"आत या ना," वहिनी म्हणाली. मग तिची नजर डब्यावर गेली. "हे हो काय?"

"उकडलेली अंडी आणि पाव," मुलगा म्हणाला. "ज्या उमेदवाराची टेस्ट घ्यायची, त्याच्या घरचं पाणीसुद्धा अधिकाऱ्याला चालत नाही."

"अहो, पण घर तर तुमच्या साहेबांचं आहे!"

"उमेदवार इथेच राहतात."

उमेदवार सोफ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. आत्याला आज दुपारी ड्रायव्हिंगची टेस्ट द्यायची होती. त्यात हे स्टूल बघून तिला हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

सगळा घोळ असा होता. परिवहन कार्यालयात टेस्ट घेणारे अधिकारी दोनच. मोठे साहेब म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, वहिनीचा नवरा, आणि धाकटे साहेब म्हणजे हा स्टूलवाला. भावाने बहिणीची टेस्ट घ्यायची नाही हे उघडच होतं, त्यामुळे आत्या आपोआप धाकट्या साहेबांच्या वाट्याला आली होती. त्यांनी तिला इमानेइतबारे दोनदा नापासही केलं होतं. आणि आता हेच धाकटे साहेब आत्याच्या भाचीशी, म्हणजे मोठ्या साहेबांच्या मुलीशी, लग्न करायला निघाले होते. भर म्हणून की काय, आत्याच्या शिकाऊ लायसन्सची मुदत आज संपत होती.

धाकट्या साहेबांनी खोलीच्या मधोमध स्टूल उघडलं आणि त्यावर बसले. "खुर्ची हाही एक प्रकारचा पाहुणचारच झाला," ते म्हणाले.

मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडे अशा काही कौतुकाने बघितलं, की सख्ख्या मुलीकडेही त्यांनी कधी तसं बघितलं नसेल. या घराण्यात हे वेड जुनंच होतं. आत्याचे आणि साहेबांचे वडील, तात्या, सरकारी नोकरीत असताना एकदा त्यांनी आपला ओला रुमाल ऑफिसच्या पंख्याखाली वाळवला. नंतर मनाला लागलं, म्हणून त्यांनी स्वतःला मेमो दिला. मग स्वतःच खुलासा सादर केला, आणि तो समाधानकारक वाटला नाही म्हणून स्वतःला ताकीद दिली. घरात ही गोष्ट लहानपणापासून सांगितली जायची. मोठे साहेब ती ऐकून हात जोडायचे आणि आत्या हसून लोळायची. दोघांचे स्वभाव तिथेच वेगळे झाले.

"मला तरी चालेल ना रे थोडं काही?" मुलाच्या आईने हळूच विचारलं. बाई शिवणाचे क्लास घ्यायच्या आणि ओठांत सुया धरायच्या सवयीने तोंड मिटूनच बोलायच्या.

"अधिकाऱ्याच्या कुटुंबीयांनाही नाही, आई."

"मी कुठे कुणाची टेस्ट घेतेय? सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. इथे जेवायचंय म्हणून नाश्तासुद्धा केला नाही."

"डब्यातलं अंडं घे."

"तुझ्या डब्यातलं अंडं मी रोजच खाते," त्या म्हणाल्या. वहिनीने नेमकं त्याच वेळी भाजलेल्या बटाट्यांचं भांडं आणून टेबलावर ठेवलं. लोण्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"बसा हो, विहीणबाई," वहिनी म्हणाली.

"अजून नाही!" मोठे साहेब ताडकन उठले. "तो शब्द काढू नकोस. अजून काही ठरलेलं नाही."

"मग हे आलेत कशाला?"

"भेटायला."

"स्टूल घेऊन?"

तेवढ्यात भाची बाहेर आली आणि वहिनी गप्प झाली. भाची दातांची डॉक्टर. धाकटे साहेब तिच्याकडे पहिल्यांदा आले ते दाढ घेऊन. दाढ अर्धी कोरून झाल्यावर बोलता बोलता कळलं, की हे बाबांच्या ऑफिसातले. ती म्हणाली, मग तुमच्याकडून फी कसली घ्यायची? ते ऐकताच हा माणूस तोंडातल्या कापसासकट खुर्चीतून उतरला आणि चालता झाला. तीन दिवस तशाच ठणकत्या दाढेने त्याने ऑफिस केलं. शेवटी त्याच्याकडून फी घेण्याचं वचन द्यायला भाचीला त्याच्या खिडकीपाशी जावं लागलं. "इतका वेडा माणूस मी अजून बघितला नव्हता गं, आत्या," ती त्या संध्याकाळी म्हणाली होती, आणि आत्याने काय ते ओळखलं होतं.

"आता मुद्द्याचं बोलू," मोठे साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला. "मी रात्रभर विचार केलाय. आज इथे शब्द दिला-घेतला गेला, तर अक्का यांची नातेवाईक होणार, म्हणजे टेस्ट रद्द. आधी टेस्ट होऊन अक्का पास झाली आणि मग शब्द दिला, तर लोक म्हणणार, लायसन्सच्या बदल्यात मुलगी दिली."

"बाबा!"

"मी म्हणत नाही, लोक म्हणतील. तेव्हा मार्ग एकच. अक्का, तू अर्ज मागे घे."

हे येणार हे आत्याला माहीत होतं. तरी कानावर पडल्यावर तिच्या हातातली बुटाची नाडी तशीच राहिली.

"आणि मग?" तिने विचारलं.

"मग शेजारच्या शहरातल्या कार्यालयात नवा अर्ज कर. पुन्हा शिकाऊ लायसन्स, पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्यात काय एवढं? मी नेईन ना तुला."

"तू नेशील म्हणूनच तर!" आत्याचा आवाज चढला. तिचा आवाज चढला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, कारण तिची सगळी नोकरी बस स्थानकावरच्या माइकपुढे गेली होती. "बाळ्या, अरे उभा जन्म मी लोकांना सांगत आले, अमुक गाडी तमुक फलाटावर उभी आहे, प्रवाशांनी बसून घ्यावं. लोक बसले आणि गेले. मी नाही गेले. ज्या गावांची नावं घेऊन घेऊन माझी जीभ झिजली, त्यातलं एकही मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. आता गाडी घेतली स्वतःची. तर शेजारी तू बसतोस आणि वळणावळणाला नियम वाचून दाखवतोस!"

"शिकाऊ माणसाशेजारी लायसन्सवाला बसायलाच हवा."

"म्हणूनच लायसन्स हवंय मला. तुला उतरवायला."

मुलाच्या आईने बटाट्यांवरून नजर न हलवता तोंड उघडलं. "मी काय म्हणते, बाई, घ्या ना अर्ज मागे. म्हणजे आपल्याला जेवून घेता येईल."

"नाही येणार," मोठे साहेब म्हणाले. "मागे घेतलेला अर्ज सोमवारी निकाली निघतो. तोवर त्या उमेदवारच."

"सोमवारी?" बाईंच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "मग होऊ दे बाई टेस्ट. आत्ताच्या आत्ता होऊ दे. काय अडलंय? एवढ्या वयात बिचाऱ्या शिकल्यात!" आणि त्या उठून आत्याच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसल्या. आत्याच्या बाजूला आता, ती स्वतः धरून, दोन माणसं झाली, त्यातलं एक भुकेपोटी.

वहिनीने आत्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. ओट्याशी उभी राहून ती खालच्या आवाजात म्हणाली, "अक्का, तुम्ही मोठ्या आहात. मी कधी तुम्हाला उलटून बोलले नाही. पण पोरीच्या संसारापेक्षा ती गाडी मोठी का हो? असा मुलगा पुन्हा मिळायचा नाही."

आत्याने बाहेर बघितलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेस्टचं मैदान सरळ दिसायचं. साहेबांना सरकारी घर मिळालं होतं तेच मुळी कार्यालयाच्या आवारात. मैदानावर उमेदवारांची रांग लागायला सुरुवात झाली होती आणि कडेला तिची छोटी निळी गाडी उभी होती. भाचीला आत्याने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. वहिनीचं म्हणणं चुकीचं आहे असं तिला म्हणता येईना, आणि बरोबर आहे असंही म्हणवेना.

"ठीक आहे," ती म्हणाली. "सांग बाळ्याला. घेते मागे."

"मुळीच नाही!" भाची दारात उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. "आई, आत्याचं लायसन्स बुडवून मला लग्न करायचं नाही. टेस्ट झाली नाही तर मीसुद्धा शेजारच्या शहरात जाते. नवरा शोधायला."

वहिनीने दोन्ही हात टेकले आणि क्षणात बाजू बदलली. बाहेर येऊन तीच नवऱ्याला म्हणाली, "अहो, होऊ द्या की टेस्ट! एवढं काय आभाळ कोसळणार आहे?"

मोठे साहेब एकटे पडले. ते येरझाऱ्या घालू लागले आणि चौथ्या फेरीला त्यांना सुचलं. "बरं, होऊ दे टेस्ट. पण," ते धाकट्या साहेबांकडे वळले, "नापास करा."

"सर?"

"नापास करा. नापास केलंत की कोण बोट दाखवणार? उलट लोक म्हणतील, काय माणूस आहे, होणाऱ्या बायकोच्या आत्यालाही सोडलं नाही."

"आणि चांगली चालवली तर?" भाचीने विचारलं.

"तरी."

धाकट्या साहेबांनी वर बघितलं, खाली बघितलं. आपलं नाव स्वच्छ राहील याचा मोह त्यांच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट दिसला. आत्याला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. त्यांना सरळ करायला तात्यांचा एक मेमो पुरला असता.

"ऐका, साहेब," आत्या म्हणाली. "तुम्ही मला दोनदा नापास केलंत. पहिल्या वेळी मी इंडिकेटर न देता खिडकीतून ओरडून सांगितलं, गाडी डावीकडे वळत आहे. दुसऱ्या वेळी तुम्ही वेळेआधी सुरू करा म्हणालात आणि मी गाडी काढली नाही, कारण आमच्याकडे गाडी वेळेआधी सुटत नाही. दोन्हीदा मी मुकाट्याने घरी आले. मला ते लागलं नाही. पण चांगली चालवूनही नापास केलंत, तर ते मात्र लागेल. पैसे घेऊन पास करणाऱ्यात आणि तुमच्यात मग मला फरक दिसायचा नाही."

"आणि मीही तोंड बघणार नाही," भाची म्हणाली. "दाढ दुखली तरी."

धाकटे साहेब स्टूलवरून उठले. "खोटं नापास करणार नाही," ते म्हणाले. "आणि लपवूनही काही करणार नाही. ज्यांना संशय येईल त्यांनाच विचारतो."

"कुणाला?" मोठ्या साहेबांनी विचारलं. पण स्टूल, डबा आणि बाटली घेऊन धाकटे साहेब जिना उतरायला लागलेही होते.

मैदानावर उन्हात पंचवीस-तीस उमेदवार ताटकळत उभे होते. वर स्वयंपाकघराच्या खिडकीत मोठे साहेब, वहिनी आणि भाची दाटीवाटीने उभे राहिले. भुकेलेल्या बाई खालच्या पायरीवर बसल्या, कारण वर थांबलं तर बटाट्यांचा वास सहन होत नव्हता. धाकटे साहेब स्टूलवर चढले.

"सर्वांनी लक्ष द्या," ते म्हणाले. "आता ज्या बाईंची टेस्ट आहे, त्या आपल्या मोठ्या साहेबांच्या सख्ख्या भगिनी. आणि..." त्यांनी वर खिडकीकडे बघितलं. "आणि त्यांच्या भाचीशी मला लग्न करायचंय. अजून मी त्यांना तसं विचारलेलं नाही. कुणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी."

रांगेत कुजबुज सुरू झाली. वर खिडकीत भाचीचे दोन्ही हात गालांवर गेले. तिने तोंड उघडलं, तोच मोठे साहेब ओरडले, "उत्तर देऊ नकोस! हो म्हणालीस तर टेस्ट रद्द!"

"आणि नाही म्हणाले तर?"

"तेही नको! सूडबुद्धीने नापास केलं म्हणतील!"

भाचीने ओठ घट्ट मिटले. तिला जन्मात कुणी इतका वेळ गप्प बसवलं नव्हतं.

"माझी हरकत आहे," रांगेतला एक मिशाळ सुतार पुढे आला. त्याला धाकट्या साहेबांनी इतक्यांदा नापास केलं होतं, की मैदानावरचे लाल शंकू तो नावानिशी ओळखत असेल. "मला चढावर गाडी इंचभर मागे आली म्हणून नापास केलंत. आता घरच्या बाईंना कसं सोडता, बघतोच मी."

"बघाच," धाकटे साहेब म्हणाले. "मागच्या सीटवर बसा. आणखी कोण?"

एक जाडजूड नर्स बसली आणि तिच्यापाठोपाठ एक तरुण पाववालाही कोंबून बसला. शेजारच्या सीटवर धाकटे साहेब. निळी गाडी मागून खाली दबली. आत्याने आरशात बघितलं तर काचेत फक्त सुताराच्या मिशा दिसत होत्या.

"मिशा जरा बाजूला घ्या, मागचं दिसत नाही," ती म्हणाली आणि गाडी सुरू केली.

पहिल्या वळणाला तिने इंडिकेटर दिला आणि जीभ दाताखाली धरली. ओरडून सांगायची ऊर्मी अगदी घशापर्यंत आली होती. आठचा आकडा तिने नीट काढला. रिव्हर्स घेताना नर्स मध्येच म्हणाली, "अहो, शंकू!" आणि साहेबांनी तिला गप्प केलं. वरून मोठे साहेब ओरडले, "अक्का, क्लच हळू!"

"सर, बाहेरून मदत चालत नाही!" धाकटे साहेब खिडकीतून ओरडले.

"मी मदत करत नाहीये! मी काळजी करतोय!"

"तीही चालत नाही!"

मग चढ आला. चढाच्या मध्यावर पांढऱ्या रेषेपाशी गाडी थांबवायची, आणि मागे न येऊ देता पुन्हा वर काढायची. गाडीत पाच माणसांचं वजन होतं, त्यात नर्स आणि सुतार. तिने ब्रेक सोडला आणि गाडी किंचित हलली. मागे की पुढे, तिलाच कळलं नाही. पुढच्याच क्षणी इंजिनाने जोर धरला आणि गाडी वर गेली.

"मागे आली!" सुतार ओरडला. "आली मागे! थांबवा!"

गाडी थांबली. सुतार उडी मारून उतरला, खिशातून मोजायची टेप काढली आणि चढावर गुडघे टेकून बसला. धुळीत टायरची खूण स्पष्ट उमटली होती. सगळं मैदान त्याच्याभोवती गोळा झालं. त्याने एकदा मोजलं, मग जमिनीला कान लावल्यासारखा वाकून पुन्हा मोजलं. आत्या स्टिअरिंग धरून तशीच बसून राहिली. आता नापास झाले तर खरीखुरी नापास झाले, असं तिने मनाला बजावलं, पण मन ऐकत नव्हतं. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

सुतार उठला. गुडघे झाडले. मिशी दोन्ही बाजूंनी पुसली.

"खूण रेषेवरच आहे," तो म्हणाला. "मागे नाही आली. जागच्या जागी हलली फक्त." आणि मग अगदी नाइलाजाने त्याने पुढे जोडलं, "माझ्यापेक्षा बरी चालवतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकट्या साहेबांनी सगळ्यांदेखत निकाल जाहीर केला, पास. पायरीवरच्या बाई धडपडत उठल्या. "झालं ना? मग जेवायचं ना?"

"अजून नाही, आई. लायसन्सवर सही झाली की प्रकरण संपलं."

"मग कर ना सही!"

"कार्यालयप्रमुखांची लागते."

सगळ्यांच्या माना वर खिडकीकडे वळल्या. मोठे साहेब जिना उतरून खाली आले, मागोमाग वहिनी आणि भाची, आणि सगळे कार्यालयात शिरले. कार्यालयातल्या यंत्रातून लायसन्स छापून बाहेर आलं होतं आणि काउंटरवर पडलं होतं. साहेबांनी ते हातात घेतलं. त्यावरच्या फोटोत आत्या माइकपुढे बसल्यासारखी ताठ बसली होती. साहेबांनी बराच वेळ फोटोकडे बघितलं आणि लायसन्स खाली ठेवलं.

"मी सही करू शकत नाही," ते म्हणाले. "सख्खी बहीण आहे माझी."

"मग कोण करणार?" वहिनीने कपाळावर हात मारला.

"मी गैरहजर असलो तर हे करतील. पण मी तर हजर आहे."

"अहो, मग घरी जा!"

"घरी गेलो तरी हजरच. रजेवर असलो तरच गैरहजर." आणि रजा हा शब्द उच्चारल्यावर त्यांचं त्यांनाच काहीतरी झालं. या माणसाने नोकरीत कधी रजा घेतली नव्हती. स्वतःच्या लग्नादिवशीही ते दुपारनंतर कामावर गेले होते, आणि वहिनी ते अजून विसरली नव्हती.

नियमातून वाट काढायला त्यांना कुणी सांगितलंही नसतं. सांगून त्यांनी ऐकलंही नसतं. ते स्वतःच काउंटरवर वाकले, रजेचा अर्ज पुढे ओढला आणि लिहायला लागले. 'कारण' या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. आत्या शेजारीच उभी होती. तिने मान वाकडी करून वाचलं. खूप विचार करून तिच्या भावाने लिहिलं होतं, बहीण पास झाली.

"बाळ्या," आत्या म्हणाली.

"आता मी इथला कुणी नाही," मोठे साहेब म्हणाले आणि काउंटरच्या बाहेर, उमेदवारांच्या रांगेत येऊन उभे राहिले. त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

धाकट्या साहेबांनी सही केली. शाई वाळायच्या आत भाची ओरडली, "हो!" इतका वेळ तोंडात धरून ठेवलेलं ते उत्तर इतक्या जोरात बाहेर पडलं, की नर्स दचकली. धाकट्या साहेबांचं पेन हातातून गळून काउंटरखाली गेलं, आणि ते शोधायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

"आता म्हणू का विहीणबाई?" वहिनीने विचारलं.

पण विहीणबाई जागेवर नव्हत्या. त्या जिना चढून केव्हाच वर पोचल्या होत्या.

आत्याने लायसन्स पर्समध्ये ठेवलं, पुन्हा बाहेर काढून बघितलं आणि ब्लाउजच्या खिशात ठेवलं. वरून वहिनी हाका मारत होती, सूप गार होतंय, चला सगळे. सुतार, नर्स आणि पाववाल्यालाही तिने बोलावलं. आत्या निळ्या गाडीपाशी आली. चावी लावली. तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि सवयीने मोठे साहेब आत येऊन बसले. त्यांनी पट्टा लावला.

"चल," ते म्हणाले. "आज काम नाही मला. कुठे जायचं?"

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. केस पिकले होते, पण चेहऱ्यावर तेच भाव होते, जत्रेला न्या म्हणून तात्यांच्या मागे लागणाऱ्या लहान पोराचे. नोकरीतली पहिली रजा त्याने तिच्यासाठी घेतली होती आणि आता ती कशी घालवायची ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला असंच घेऊन जावं, असं तिला मनापासून वाटलं. त्याहून जास्त वाटलं की नेऊ नये.

"बाळ्या, उतर रे," ती मायेने म्हणाली. "उद्या तुला नेईन. तू म्हणशील तिथे नेईन. आज मला एकटीला जाऊ दे."

मोठ्या साहेबांनी तोंड उघडलं. कुठला तरी नियम तोंडाशी आला असावा, पण लागू पडेल असा एकही सापडेना. त्यांनी पट्टा काढला, उतरले आणि दार दोन्ही हातांनी हळूच लावलं. मग खिशातून रुमाल काढून पुढची काच त्यांनी स्वच्छ पुसून दिली, आणि बाजूला झाले.

फाटकाशी आत्याने गाडी थांबवली. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा होता. तिने शेजारच्या सीटकडे बघितलं. तिथे कुणीच नव्हतं. तिने उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर काढली.